पाना-पक्कड : दहा इंचांचं पातं घ्यावं का?

प्रश्न : काका, मी इंदिरानगरला राहतो, वय ३६, नोकरी बँकेत. महिन्यातले दोन रविवार आमचा सात-आठ जणांचा ग्रुप डोंगरात जातो. हरिहर, अंजनेरी, रामशेज नेहमीचेच. वर्षातून एकदा साल्हेर किंवा रतनगडला मुक्काम. शिवाय गेल्या वर्षी गिरणारेच्या पुढे वीस गुंठे जागा घेतलीय, तिथे सध्या घाणेरी आणि बाभळीशिवाय काही नाही. ऑनलाइन एक मोठा आउटडोअर चाकू बघून ठेवलाय. पातं दहा इंच, जाडी सहा मिलिमीटर, काळा रंग, पाठीला करवतीचे दात, किंमत ४,८०० रुपये. तीनदा कार्टमध्ये टाकला, तीनदा काढला. बायको म्हणते, "घरात कांदा चिरायला बोलावलं तर तुला फोन येतो, आणि हे कशाला?" मला वाटतं मुक्कामाला, रानात, बिबट्याच्या भागात एखादं दणकट हत्यार जवळ असावं. घ्यावा का?
— एक भटका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सूनबाईंनी अर्धं उत्तर देऊनच टाकलंय. उरलेलं देण्याआधी माझी फजिती सांगतो, म्हणजे मी कुठल्या तोंडाने बोलतोय ते कळेल.

साल १९९४. मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो आणि डोंगराचं वेड नवं होतं. आमच्या चाळीतला एक जण आखातातून सुट्टीवर येताना चाकू घेऊन आला. पातं अकरा इंच, पाठीला दात, मूठ पोकळ. मुठीच्या बुडाला आट्यांचं झाकण, झाकणात होकायंत्र, आत काडेपेटीच्या काड्या, सुईदोरा आणि मासे धरायचा गळ. आता नाशकात मी गळ टाकून कुठे बसणार होतो, रामकुंडावर? पण तो गळ बघूनच मी निम्मा विरघळलो. किंमत सांगत नाही. त्या महिन्यात गवळ्याने दूध उधारीवर घातलं एवढं पुरे.

तो चाकू मी आयुष्यात तीन वेळा वापरला. पहिल्यांदा रतनगडच्या गुहेत, अकरा जणांच्या पिठल्याचे कांदे चिरायला. अकरा इंचांच्या पात्याने ताटलीत कांदा चिरून बघा. कोपर खांद्याच्या वर जातं आणि कांद्याच्या चकत्या शेजाऱ्याच्या मांडीवर जातात. दुसऱ्यांदा ब्रह्मगिरीच्या वाटेवर नारळ फोडायला, जो दगडावर एका दणक्यात फुटला असता. तिसऱ्यांदा गंगापूर धरणाच्या अंगाला एका मित्राच्या मळ्यात, बाभळीची मनगटाएवढी फांदी तोडायला. चौथ्या घावाला हातात मूठ राहिली, पातं नव्हतं. ते भिंगरीसारखं मित्राच्या कानाजवळून गेलं आणि करवंदीच्या जाळीत पडलं. आम्ही दोघं बराच वेळ गप्प. मग मित्र म्हणाला, "होकायंत्र बघ ना, कुठल्या दिशेला गेलं ते."

जाळीतून पातं काढलं आणि टूलरूमचा माणूस म्हणून मला स्वतःची लाज वाटली. पात्याचा मुठीत शिरणारा भाग जेमतेम पाऊण इंच, करंगळीएवढा रुंद. पातं जिथे अरुंद होत होतं तिथे सरळसोट काटकोन. काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच फुटतो. शाफ्टच्या खांद्याला गोलाई ठेवा, म्हणून मी शिकाऊ पोरांच्या रोज कानीकपाळी ओरडत होतो, आणि स्वतः मात्र घेताना झाकणातलं होकायंत्र बघत बसलो. पोकळ मुठीत पातं शेवटपर्यंत जाणार तरी कसं? तिथे काड्या आणि गळ आधीच राहायला आलेले.

तुमच्या चाकूची मूठ कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पोकळ असेल तर पुढचं वाचू नका, कार्ट रिकामी करा. भरीव असेल आणि पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं दोन्ही बाजूंनी दिसत असेल, तर चाकू निदान चाकू आहे. मग प्रश्न उरतो तो तुमचा.

मोठ्या पात्यात लांबी, जाडी आणि वजन यांचं गणित असतं, आणि ते गणित त्या त्या मुलखातल्या झाडोऱ्याने सोडवलेलं असतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत जो मॅशेटी वापरतात त्याचं पातं हात-दीड हात लांब, पण जाडी दोन-तीन मिलिमीटरच. ऊस, केळ, ओला पालापाचोळा कापायला वजन लागत नाही, टोकाचा वेग लागतो. नेपाळची कुकरी याच्या उलट. आखूड, पाठ जाड, पोटाशी रुंद आणि पुढे वाकलेली, म्हणजे सगळा भार घाव पडतो तिथे यावा. ती लाकडाची. मलेशियातला पारांग या दोघांच्या मधला. आणि आपल्याकडे कोयता आहेच. ऊसतोडीचा वेगळा, पेठ-सुरगाण्याकडचा रानातला वेगळा. तुमचं दहा इंच लांब, सहा मिलिमीटर जाड, सरळ पातं गवताला जड आणि फांदीला हलकं. ना धड विळा, ना धड कुऱ्हाड. ते कुठल्या झाडासाठी घडवलंय ते मला कळलेलं नाही. फोटोसाठी घडवलं असावं असा माझा संशय आहे.

पाठीच्या दातांचंही सांगतो, कारण गिऱ्हाईक तिथेच फसतं. खऱ्या करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे वळवलेले असतात. त्यामुळे पडणारी फट पात्यापेक्षा रुंद होते आणि करवत मोकळी चालते. चाकूच्या जाड पाठीत कोरलेले दात सरळच असतात. अर्धा इंच आत गेले की पाचर ठोकल्यासारखे बसतात. वर, लाकूड चिरायला त्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायला जाल तर दात ते लाकूडच कुरतडतात. म्हणजे करवतही गेली आणि पाठही.

आता तुमचे रविवार बघू. हरिहरच्या त्या खड्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत असतात. तिथे मांडीला हातभर म्यान लटकतेय आणि वरून उतरणाऱ्या माणसाला वाट द्यायचीय, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. अंजनेरीची वाट इतकी मळलेली आहे की तिथे कापायचं काही नाही, आणि असलं तरी कापायचं नाही. तो राखीव संवर्धनाचा डोंगर आहे. अंजनेरीच्या नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची एक जात तिथल्या गवतात पावसाळ्यात उगवते. "जरा गवत साफ करतो" म्हणून पातं फिरवलंत तर काय गेलं ते तुम्हाला कळणारही नाही. शेकोटीसाठी लाकूड म्हणाल, तर दिवाळीनंतर गडावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी आणि वणवा. छोटा गॅस स्टोव्ह न्या. मुक्कामाला खरोखर काय कापावं लागतं? दोरीचा तुकडा, चिकटपट्टी, मसाल्याचं पाकीट, काकडी. पातं तुमच्या तळव्याच्या रुंदीएवढं असलं की झालं.

रतनगडचं वेगळं आहे. तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३१ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जायचं नाही, आणि त्या कायद्याच्या हत्याराच्या व्याख्येत चाकूचं नाव आहे. मी आता रतनगडला कांदे घरूनच चिरून डब्यात नेतो. तीस वर्षांपूर्वी हे सुचलं असतं तर शेजाऱ्याची मांडी वाचली असती.

कायद्यावर आलोच आहोत तर तुमची पट्टी काढा. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्याच रांगेत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू घातलेले आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. तुमचं पातं दहा इंच. ते नेमकं कशासाठी बनवलंय हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं, आणि तिथे "शेती" हा शब्द मला कधी दिसलेला नाही. शिवाय शहरात पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश सणावाराला निघतच असतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघतात ते. तेव्हा काठीसुद्धा घेऊन हिंडता येत नाही. "कोयता गँग" हा शब्द पेपरात येऊन येऊन गुळगुळीत झालाय. पहाटे पाचला मुंबई नाक्यावर नाकाबंदीत सॅकमधून हा काळा चाकू निघाला, तर "साहेब, ट्रेकला चाललोय" हे वाक्य तुम्ही कितीही प्रामाणिकपणे म्हणा, त्या दिवशी हरिहर होणार नाही.

बिबट्याबद्दल थोडक्यात. चाकू कामाला यावा इतका बिबट्या जवळ आलाय, म्हणजे चाकू काढायची वेळ टळून गेलेली आहे. आमच्या मखमलाबादकडच्या मळ्यांत लोक रात्री पाणी द्यायला जातात ते बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून, एकट्याने नाही. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करायचं नाही, कारण बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. समोर दिसलाच तर पाठ दाखवून पळायचं नाही. उभं राहायचं, आवाज करायचा, हळूहळू मागे सरायचं. ४,८०० रुपयांतल्या तीनशे-चारशेंची चांगली बॅटरी घ्या.

वीस गुंठ्यांवर मात्र तुमची बाजू खरी आहे. तिथे तुम्हाला पातं लागणार. घाणेरी वरून छाटलीत की पावसाळ्यात दुप्पट फुटते. तिला टिकावाने मुळाशी उकरायचं, जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उपटून उलटं टाकायचं. तिथे चाकू काय आणि कोयता काय, दोन्ही दुय्यम, टिकाव मुख्य. बाभळीच्या फांद्यांना घडीची करवत घ्या. मनगटाएवढी फांदी ती ओढीवर सरसर कापते, घाव चुकत नाही, काटा डोळ्यात उडत नाही. मग उरतं बारीकसारीक: वाळक्या काटक्या, वेली, बांधावरचं रान, मांडवाच्या मेखा तासणं. त्याला कोयता.

आणि कोयता विकत घेऊ नका, करून घ्या. माझा कसा झाला ते सांगतो.

तुटलेलं पातं फडक्यात गुंडाळून मी पेठ रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडे गेलो होतो. मनात होतं, नवी मूठ बसवून घेऊ. म्हाताऱ्याने पातं हातात घेतलं, बोटाने टिचकी मारली, कानाशी नेलं. मग कानस उचलून कडेवर एकदा ओढली. कानस लोण्यात जावी तशी गेली. म्हातारा म्हणाला, "साहेब, हे पाणीच प्यालेलं नाही." म्हणजे त्या पोलादाला धड कठीणच केलेलं नव्हतं. माझ्या टूलरूममध्ये कठीणपणा मोजायचं यंत्र होतं, मी तीन महिने ते पातं घरात मिरवलं, आणि एकदाही त्या यंत्राखाली ठेवलं नव्हतं.

त्याने ट्रकच्या कमानीचा एक तुटका पाटा काढला. कमानीचं पोलाद आयुष्यभर वाकायला आणि परत सरळ व्हायला केलेलं असतं. कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्का. कोयत्याला याहून चांगला माल मी आजही सुचवणार नाही. पोरगा भाता हलवत होता, म्हातारा सांडशीत पाटा धरून ऐरणीवर फिरवत होता आणि घण मारत होती त्याची बायको. म्हातारा नुसता हातोडीने टिक् करून जागा दाखवायचा, की तिचा घण तिथेच. सव्वा तासात कोयत्याचा आकार आला. मग पाणी पाजायची वेळ. त्याने सगळा कोयता लाल केला, पण फक्त धारेची कड बुडवली, पाठ लालच ठेवली. बाहेर काढून विटेच्या तुकड्याने कड घासून पांढरी केली आणि थांबला. पाठीची धग हळूहळू कडेकडे उतरायला लागली, तसे त्या पांढऱ्या पट्टीवर रंग धावले. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळ्याला त्याने "हं" केलं आणि पुन्हा बुडवला. निळ्यापर्यंत जाऊ दिलं असतं तर धार मऊ पडली असती, पिवळ्याला थांबला असता तर दगडावर आपटून टवका उडाला असता. जांभळा म्हणजे साधारण २८० अंश सेल्सिअस. आमच्याकडे याच कामाला विजेची भट्टी आणि तापमापक होता; त्याच्याकडे वीट आणि डोळे होते. एकशे वीस रुपये घेतले. मूठ मी नंतर दोनदा बदलली, पातं तेच आहे.

मागच्या वर्षी एका मित्रासाठी असाच करून घेतला तेव्हा ४५० रुपये लागले. करून घेताना तीन गोष्टी बघा. वजन पुढे आहे का. मूठ घामाने निसटत नाही ना. आणि ताजी कानस कडेवर ओढली तर ती किंचित चावते का. लोण्यासारखी गेली तर पाणी प्यालेला नाही. काचेवरून घसरल्यासारखी सटकली तर जास्त प्यालाय, टवके उडतील. कोयता मळ्यावरच पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवा. तो शेतीचं अवजार आहे हे खरं, पण शनिवारी रात्री कॉलेज रोडवर डिकीत सापडला तर ते पटवून देणं तुमच्याकडे लागलं.

अजूनही मन त्या काळ्या चाकूवर असेल तर एक करा. पाऊण किलो तूरडाळ पिशवीत बांधा आणि पुढचे चार रविवार सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवून डोंगर चढा. दर वेळी संध्याकाळी वहीत लिहा, आज काय काय कापावं लागलं आणि कशाने कापलं. चार रविवारांनंतर वही सूनबाईंच्या हातात द्या.

आणि हेही कबूल करतो. वही कोरी राहिली तरी तुम्हाला तो चाकू हवासा वाटू शकतो. मग "मुक्कामाला लागतो", "बिबट्या आहे" असली कारणं घरात सांगू नका, सरळ हौस म्हणा. हौसेला मोल नाही. फक्त नऊ इंचांच्या आतला घ्या. माझी ती पोकळ मूठ अजून माळ्यावर आहे. होकायंत्र उत्तर बरोबर दाखवतं.

प्रश्न : काका, माझे वडील देवळालीला तोफखान्यात होते, १९८९ ला निवृत्त झाले. गेल्या श्रावणात गेले. त्यांच्या ट्रंकेत लष्करी कोटाखाली एक कुकरी सापडली, बहुतेक कुणा गोरखा सहकाऱ्याने दिलेली. म्यान काळं पडलंय, आत दोन छोट्या सुऱ्यांसारखं काही आहे, त्यातली एक बोथट. भाऊ म्हणतो विकून टाक. माझा चौदा वर्षांचा मुलगा म्हणतो मला दे. ती म्यानातून काढली की रक्त दाखवावं लागतं असंही कुणी सांगितलं. काय करू?
— एक लेक, नाशिक रोड

उत्तर : ताई, रक्ताची ती भाकडकथा आहे. नेपाळच्या खेड्यात याच कुकरीने लाकूड फोडतात, गवत कापतात, भाजी चिरतात. दर वेळी रक्त काढायचं म्हटलं तर गावात बोटं उरायची नाहीत.

पण काढताना बोट खरंच कापू शकतं, म्हणून आधी हे वाचा. जुन्या म्यानाची शिवण कुजलेली असते. कुकरी ओढताना धार शिवणीतून बाहेर येते आणि म्यान मुठीत धरलेल्या हाताची चारी बोटं तिथेच असतात. म्यान पाठीच्या बाजूने धरा, बोटं धारेच्या बाजूला गुंडाळू नका. हळू ओढा, टेबलावर टेकवून. मुलाला दाखवायची असेल तरी काढणार तुम्ही.

त्या दोन छोट्यांपैकी धारेची ती कर्द. बारीकसारीक कामाची सुरी, कुकरीने जे होत नाही त्यासाठी. बोथट ती चकमक. तिने गारेवर ठिणगी पाडतात आणि मोठ्या पात्याची धार सारखी करतात. बघा, ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या मोठं पातं आहे त्यांनीसुद्धा म्यानात छोटं ठेवलंय. इंदिरानगरच्या भटक्यांनी हे उत्तरही वाचावं.

पातं पॉलिश पेपरने घासू नका. गंजाचे लाल ठिपके असतील तर मऊ फडक्यावर मशीनचं तेल घेऊन, एक दिवस मुरू देऊन पुसा. काळपट छटा राहिली तर राहू द्या, ती त्या पात्याची वयं आहेत. म्यानावर तेल ओतू नका. चामडं फुगतं आणि आतलं लाकूड सुटतं.

कायद्याचं वर लिहिलंय तेच. पातं मोजा, लांबी नऊ इंच आणि रुंदी दोन इंच. त्या अनुसूचीत कुकरीचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. केंद्र सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात अशा पात्याला परवाना लागतो. मी पोलादाचा माणूस, वकील नाही. वडिलांची निवृत्तीची कागदपत्रं आणि कुकरीचा फोटो घेऊन तुमच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. कुकरी सोबत नेऊ नका, फोटोच न्या.

विकू नका असं माझं मत. बाजारात तिला भंगाराच्या वरचा भाव येणार नाही, आणि तुमच्या वडिलांनी तीस-पस्तीस वर्षं ती कोटाखाली उगाच ठेवलेली नव्हती. मुलाला अठरा पूर्ण होईपर्यंत ट्रंकेची किल्ली तुमच्याकडे. तोवर खंडेनवमीला काढा, तेलाचा हात फिरवा, हळदकुंकू वाहा, त्यालाच पूजा करू द्या. आमच्या टूलरूममध्ये त्या दिवशी लेथला झेंडूचा हार असायचा आणि कुणी स्विचला हात लावायचा नाही. त्या दिवशी आजोबांची गोष्ट सांगायला तुम्हाला निमित्तही मिळेल.

प्रश्न : इगतपुरीला आमचा कोयता जून ते सप्टेंबर नुसता गंजतो. चामड्याची म्यान आणली, तरी गंजतोच. उपाय?
— एक शेतकरी, इगतपुरी

उत्तर : म्यानीमुळेच गंजतोय. चामडं तुमच्याकडच्या हवेतलं पाणी शोषतं आणि पात्याला चिकटवून धरतं. पावसाळ्यात म्यान काढून खुंटीला टांगा. कोयता कोरडा पुसून, मशीनचं तेल लावून, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवा. चुलीच्या धगीने तिथली हवा कोरडी असते. गोडेतेल लावू नका, चार दिवसांत चिकट राप बसतो आणि त्यात भुसा अडकतो. खोबरेल चालतं. स्टेनलेसचा घ्यावा का असंही मागे विचारलं होतंत. घेऊ नका. मळ्यात बसल्या बसल्या साध्या दगडावर चार हात मारून धार आली पाहिजे, ती कार्बनच्या पोलादाला येते.

प्रश्न : साडूंच्या पन्नाशीला चांगला घडीचा चाकू द्यायचा विचार आहे. सासूबाई म्हणतात, धारेची वस्तू भेट देऊ नये, नातं तुटतं.
— एक जावई, गंगापूर रोड

उत्तर : साडूंकडून एक रुपया मागून घ्या. मग ती भेट राहत नाही, विक्री होते, आणि सासूबाईंचंही समाधान. मी माझ्या साडूंना असाच एक दिला. त्यांनी रुपया अजून दिलेला नाही. सोळा वर्षं झाली, बोलणं चालू आहे, रुपयाचाच विषय असतो.